हापसा कुणाचा? पूर्व युगांडातल्या एका गावाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या एका मैत्रिणीचं आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं नाव बदलून अनघा केलं आहे; गावाचं, शाळेचं आणि ज्या संस्थेमार्फत ती गेली तिचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी स्वतः युगांडात कधी गेलेले नाही. माझ्याकडे आहेत ते जवळपास अकरा महिन्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप, तिची वही आणि आमच्या ग्रुपने पाठवलेल्या पैशांचा हिशेब. त्या पैशांमुळे मी या प्रकरणात पुरती अडकलेली आहे, तेव्हा त्रयस्थपणे लिहिल्याचा आव आणत नाही.

पार्श्वभूमी

अनघा सोलापूरची, गणिताची शिक्षिका, वय तेव्हा एकतीस. घरात रोज लग्नाचा विषय निघत होता आणि नोकरीचा कंटाळा आला होता, ही दोन कारणं ती स्वतःच सांगते. समाजसेवा वगैरे शब्द तिच्या तोंडी कधी नव्हते. जानेवारीच्या शेवटी ती टेसो भागात, सोरोटी शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या एका प्राथमिक शाळेत रुजू झाली. काम एका वर्षाचं: सहावी-सातवीला गणित शिकवायचं आणि नोव्हेंबरमधल्या सातवीच्या सरकारी परीक्षेची तयारी करून घ्यायची.

टेसो सपाट आणि कोरडवाहू. कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद), नाचणी, ज्वारी, रताळी, तीळ, भुईमूग. पहिल्याच आठवड्यात तिचा निरोप आला, "अगं, शेंगा आहेत इथे. शेंगाचटणीची सोय झाली." त्या भागात पूर्वी श्रीमंती गुरांवर मोजत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शेजारच्या कारामोजा भागाकडून होणाऱ्या गुरांच्या लुटी आणि त्याच सुमाराची बंडाळी यांत ती गुरं गेली. म्हणजे अडीनडीला विकायला दावणीला जे जनावर असायचं, तेच उरलं नाही. हातात रोकड येते ती पीक निघाल्यावर. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका. पुढचं सगळं त्यावरच फिरतं.

दुसरी पार्श्वभूमी हापशाची. शाळेच्या आवारातला हापसा शाळेला आणि आसपासच्या वस्तीला मिळून एकच. युगांडात अशा एका बोअरमागे तीनशे माणसं धरतात. इथे नुसती मुलंच त्याहून जास्त होती. त्या पंपाला तिथे 'यू-टू' म्हणतात आणि तो म्हणजे आपला इंडिया मार्क टू. १९६०च्या दशकात ओतीव लोखंडाचे पंप सारखे मोडायचे, म्हणून जालन्याच्या मिशनमधल्या मंडळींनी पोलादी पंप बनवला. त्यावरून पुढे 'शोलापूर पंप' निघाला आणि त्याच्या आधारावर १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला. तोच साचा युगांडाने प्रमाण म्हणून घेतला. सोलापूरची पोरगी सोलापूरच्या हापशासमोर जाऊन उभी राहिली, तेही पाच हजार किलोमीटर लांब. आम्हाला याचं फार कौतुक वाटलं. कौतुकाने नुकसान कसं होतं ते पुढे येईलच.

रोजचा दिवस

विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने साडेसहा-पावणेसातला उजाडतं आणि संध्याकाळी साधारण त्याच सुमाराला अंधार. अनघाची खोली शिक्षकांच्या चाळीत: विटांच्या भिंती, वर पत्रा, एक खिडकी. छपरावर सोलरची छोटी पाटी, तिच्यावर एक दिवा. फोन चार्ज करायचा तर बाजारच्या नाक्यावर दुकानात पैसे देऊन ठेवायचा. शाळेच्या मागच्या एका आंब्याखाली रेंज येई, म्हणून तिच्या सगळ्या निरोपांच्या मागे पाखरं आणि कुणाचा तरी रेडिओ असायचा.

सकाळी पहिलं काम पाणी. पिवळा वीस लिटरचा जेरीकॅन घेऊन नंबर लावायचा. हापसा नीट चालत असेल तर दोन मिनिटांत कॅन भरतो. पण पुढे तीस कॅन असले की तासाचं गणित आलं. कॅन माणसांआधी पहाटेच रांगेत येऊन बसलेले असत. पहिल्या दिवशी बायकांनी तिला पुढे जायला सांगितलं आणि ती गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने कॅन रांगेत ठेवायला सुरुवात केली. याचं तिथे हसं झालं, आणि मग सवय झाली.

कोळशाची शेगडी पेटवायची. युगांडात तिला 'सिगिरी' म्हणतात. दुकानाला 'दुका', कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला 'काचुंबारी', आणि चपाती तर चपातीच. नाक्यावर एक तरुण चपातीवर अंड्याची पोळी पसरून गुंडाळून द्यायचा, त्याला 'रोलेक्स' म्हणतात. 'रोलेक्स' सोडलं तर रेल्वेच्या कामाला आणि व्यापाराला गेलेल्या भारतीयांच्या मागे राहिलेले हे शब्द. माणसं मात्र १९७२ साली इदी अमीनने नव्वद दिवसांत हाकलली. काही नंतर परतली, पण खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात भारतीय म्हणजे दुकानदार, आणि दुकानदार म्हणजे पैसा, हे समीकरण पक्कं आहे. अनघाला ते कुणी तोंडावर सांगितलं नाही. मुली तिला पाण्याचा पेला देताना गुडघे टेकायच्या. मोठ्यांना मान देण्याची तिथली ती रीत. अनघाला ते शेवटपर्यंत जड गेलं.

साडेसात ते साडेचार शाळा. एकेका वर्गात शंभराच्या आसपास मुलं. दुपारी पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवडा. संध्याकाळी शेजारच्या बाईंकडून कधी अटापा यायचा, म्हणजे नाचणी आणि कसाव्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, सोबत शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी. या शेजारीणबाई हापशाच्या राखणदारही होत्या. आतेसो भाषेत आईला 'टोटो' म्हणतात. सगळे त्यांना टोटोच म्हणत, म्हणून इथेही त्या टोटोच.

अडचण

अनघा गेली तेव्हाच पाणी लालसर येत होतं. तिच्या वहीत पहिल्या आठवड्यातली नोंद आहे: "चहा काळा. दूध घातलं तरी करडा." पाण्यात लोह असलं की चहातल्या टॅनिनशी मिळून असा रंग होतो. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस उकळून शाई करायचे, तीच क्रिया. पांढरे कपडे पिवळे पडायचे. कसाव्याला काळपट छटा यायची, म्हणून बऱ्याच बायका स्वयंपाकाला दूरच्या झऱ्याचं पाणी आणत आणि हापशाचं पाणी धुण्याला वापरत. आणि ज्या पाण्याने स्वयंपाक होत नाही, त्याची वर्गणी कोण देणार? हापशाची एक पाणी समिती होती, महिन्याला घरटी हजार शिलिंग ठरलेले, म्हणजे आपले वीस-बावीस रुपये. जमा जवळपास शून्य.

फेब्रुवारीच्या शेवटी, ऐन कोरड्या दिवसांत, दांडा एकदम हलका झाला. हापसलं तर खडखड नुसती. उपजिल्ह्याच्या ठिकाणाहून मेकॅनिक बोडाबोडावर, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवर, पाने आणि शिकंजे घेऊन आला. गावातल्या आठ-दहा जणांनी मिळून एकेक करत बारा पाइप वर काढले. गवतावर ओळीने मांडले तेव्हा सात पाइप गंजून चाळण झालेले. एक तर पेचापाशी तुटूनच गेला होता. अनघाने त्याचा फोटो पाठवला. लोखंडाचे पापुद्रे कांद्याच्या सालासारखे सुटत होते.

इथे एक गोष्ट कुणीच विचारली नाही: हा पाइप गंजला का? गॅल्वनाइज्ड पाइप आम्लधर्मी भूजलात गंजतो, आणि युगांडात हे दुखणं जुनं आहे. त्याची एक परीक्षा आहे, तिला पैसाही लागत नाही. रात्रभर पाणी पाइपात उभं राहतं. पहाटेचे पहिले दोन-तीन कॅन लाल आणि तासभर हापसल्यावर पाणी निवळ, असं असेल तर दोष पाइपाचा. शेवटपर्यंत सारखंच लाल असेल तर लोह जमिनीतलंच. अनघा रोज रांगेत विसावी-तिसावी असायची. तिला पहिला कॅन कधी दिसलाच नव्हता. टोटो पहिल्या असायच्या. त्यांना ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

समोरचे पर्याय

जिल्ह्याकडे अर्ज हा सरळ मार्ग. छोटी दुरुस्ती गावाने करायची आणि मोठी जिल्ह्याने, अशी तिथली रीत. गावच्या चेअरमनची सही, मग उपजिल्हा, मग जिल्ह्याचं पाणी कार्यालय. पण युगांडाचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं. फेब्रुवारीत दुरुस्तीचा निधी संपत आलेला, त्यामुळे अर्ज पुढच्या यादीत जाणार हे हेडमास्तरांनी आधीच सांगितलं.

शाळेच्या अनुदानातून करावं तर ते खडू-वह्यांनाच पुरत नव्हतं.

वर्गणी काढावी तर महिना चुकीचा. फेब्रुवारीत घरात असतं ते बियाणं.

उरले पैसे. अनघाचा भत्ता बेताचा, तरी दोन-तीन पाइप झाले असते. आणि आम्ही होतो: शाळेपासूनच्या मैत्रिणींचा ग्रुप, चौदा जणी, प्रत्येकीकडे यूपीआय.

तिने मला विचारलं तेव्हा ती तीन दिवस झऱ्यावरून पाणी आणत होती. जाऊन-येऊन पाच किलोमीटर, डोक्यावर वीस लिटर जमत नाही म्हणून दहा. सातवीच्या मुली पहिल्या तासाला गैरहजर होत्या. तिचा आवाज थकलेला होता. अशा वेळी 'जरा थांबून बघूया' असं म्हणणारी मैत्रीण मी नाही, आणि ते म्हणायला हवं होतं हे मला आज कळतं.

काय केलं

मी ग्रुपवर तिने पाठवलेला एक फोटो टाकला: हापशाच्या रिकाम्या ओट्यावर कॅन घेऊन बसलेली एक मुलगी. खाली लिहिलं, 'पाण्यासाठी वणवण'. दोन दिवसांत ₹३१,५०० जमले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ आला होता आणि मी पिंपं भरता भरता तो मजकूर टाइप केला होता. त्यातली गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

दरम्यान समितीची बैठक ठरली. टोटोंनी अनघाला सांगितलं, शनिवारी चार वाजता. ती चारला गेली. आंब्याखाली कुणीच नव्हतं. पूर्व आफ्रिकेत तास सूर्योदयापासून मोजतात. सातला पहिला, आठला दुसरा. त्यांचे चार म्हणजे आपले सकाळचे दहा. शाळेत सगळे घड्याळाप्रमाणे इंग्रजीत वेळ सांगत, त्यामुळे एका महिन्यात तिला हे कळलंच नव्हतं. बैठक होऊन सहा तास उलटले होते. 'काही ठरलं नसेल' असं तिने धरलं आणि सोमवारी प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांना सांगितलं की भारतातून पैसे येत आहेत. हेडमास्तरांनी तिथल्या तिथे सगळ्या शाळेला जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

सोरोटीहून सात पाइप, सळ्या आणि दांड्याला सळ्या जोडणारी एक नवी साखळी आली. मेकॅनिकची मजुरी धरून सुमारे ₹२४,००० खर्च. बंद पडल्यापासून दहाव्या दिवशी पाणी आलं, स्वच्छ. चेअरमनने भाषण केलं, अनघासाठी कोंबडी कापली. ती शाकाहारी हे कळल्यावर कोंबडी हेडमास्तरांना आणि तिला अंडी. आम्ही इकडे ग्रुपवर व्हिडिओ पाहून रडलो वगैरे.

पाइप कुठले आणले? पुन्हा गॅल्वनाइज्डच. दुकानात तेच होते, मेकॅनिकला त्याचीच सवय होती, आणि आम्हाला घाई होती.

जे उशिरा कळलं

मे महिन्यात अनघाला मलेरिया झाला. गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेने बोट टोचून तपासलं, गोळ्या सुरू झाल्या. चार दिवस ती उठू शकली नाही, आणि ते चारही दिवस टोटोंनी न सांगता तिचा कॅन भरून दाराशी ठेवला. पाचव्या दिवशी टोटो ओसरीवर बियाण्याच्या उरलेल्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सोबत शाळेतल्या सीनियर वुमन टीचर होत्या. मुलींच्या अडचणी बघायला प्रत्येक शाळेत अशी एक शिक्षिका नेमलेली असते. त्या इंग्रजीत सांगत होत्या.

अनघाने सहज विचारलं, त्या शनिवारच्या बैठकीत काय झालं होतं?

ठरलं होतं. मेकॅनिकशी बोलणी झाली होती: निम्मे पैसे आधी, निम्मे भुईमूग निघाल्यावर. आधीचे निम्मे टोटोंच्या बचत गटाने उसने द्यायचे. तिथे गावोगाव बचत गट आहेत, आपल्या भिशीसारखे. पैसे एका लोखंडी पेटीत, पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे. तिघी हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. टोटो त्यातल्या एक. सात पाइपांऐवजी तीनच नवे टाकायचे, बाकी जिल्ह्याकडून आल्यावर, आणि तोवर पाइप कमी करून पाणी जेवढ्या खोलीवरून येईल तेवढं घ्यायचं, असंही बोलणं झालं होतं. कोरड्या दिवसांत ते कितपत चाललं असतं कोण जाणे. पण गावाने स्वतःचा काही तरी मार्ग काढला होता.

मग कुणी बोललं का नाही? शिक्षिकेने भाषांतर न करता स्वतःच उत्तर दिलं: पाहुणा ताट घेऊन आला तर आमच्या घरी चूल पेटली आहे असं कोण सांगेल?

त्यानंतरचा तपशील जास्त बोचरा होता. मार्चपासून समितीची बैठकच झाली नव्हती. साखळीला ग्रीस लावायचं थांबलं होतं. मुलं हापशाला 'मॅडमचा हापसा' म्हणू लागली होती आणि मोठ्यांनीही तेच उचललं होतं. बिघडला तर मॅडम बघतील.

याच सुमाराला फोटोचं प्रकरणही वर आलं. आमच्या ग्रुपमधून तो कुठे कुठे पुढे गेला आणि शेवटी कंपालात काम करणाऱ्या त्या मुलीच्या काकाच्या फोनवर पोचला. कसा, ते आम्हाला उलगडलं नाही. काका हेडमास्तरांना एवढंच म्हणाले की आमची मुलगी भिकारी नाही. मी ग्रुपमधला फोटो काढून टाकला. जो पुढे गेला तो गेला.

दुसऱ्यांदा

जुलैच्या मध्यावर हापसा पुन्हा थांबला. या वेळी पाइप शाबूत होते. दांडा चालायचा, पण पन्नास वेळा हापसल्यावर ओंजळभर पाणी. मेकॅनिकने फोनवरच सांगितलं: तळाच्या सिलिंडरमधला वायसर झिजलाय. वायसर म्हणजे रबरी वाटी, किंमत चहापाण्याइतकी. पण यू-टूची रचना अशी की ती वाटी बदलायला बाराच्या बारा पाइप वर काढावे लागतात. म्हणजे वस्तू स्वस्त आणि कष्ट भारी: मेकॅनिकची मजुरी, आठ-दहा माणसं, अर्धा दिवस.

माझ्या खात्यात आधीचे ₹७,५०० शिल्लक होते. त्यात हे काम सहज झालं असतं. सगळ्या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हा. पहिल्या वेळी आम्ही निर्णय घेतलाच नव्हता, नुसते धावलो होतो.

अनघाने हेडमास्तरांना सांगितलं, माझ्याकडे पैसे नाहीत. हे खोटं होतं आणि तिला ते आजही खुपतं. 'पैसे आहेत पण देणार नाही' हे सांगण्याची हिंमत झाली नाही, असं ती म्हणते. माझं मत वेगळं आहे: तिच्या नावावर पैसे खरंच नव्हते, माझ्या नावावर होते. पण ही पळवाट झाली, हे मलाही कळतं.

सतरा दिवस हापसा बंद होता. पाऊस अधूनमधून होता म्हणून पत्र्याच्या पन्हाळीखाली भांडी लावता यायची, तेवढाच दिलासा. तरी मुली झऱ्यावर जात होत्या. दहाव्या दिवशी चौथीतल्या एका मुलाला जुलाब झाले आणि त्याला आरोग्य केंद्रात न्यावं लागलं. तो बरा झाला. पण त्या रात्रीचा अनघाचा निरोप मी जपून ठेवला आहे. चाळीस सेकंद ती काहीच बोलत नाही, नुसते रातकिडे. मग म्हणते, "तू पाठव पैसे." मी पाठवले नाहीत. उत्तरही दुसऱ्या दिवशी दिलं. दिलं ते बरोबर होतं की नाही, हे त्या मुलाच्या आईला विचारायला हवं, आणि तिला विचारायची सोय माझ्याकडे नाही.

तेराव्या दिवशी टोटोंनी बैठक बोलावली. अनघाने या वेळी 'किती वाजता' असं न विचारता सूर्य कुठे असेल ते विचारलं. भुईमूग नुकताच निघत होता, अंगणाअंगणात शेंगा वाळत होत्या. रोख रक्कम कुणाकडेच नव्हती, तेव्हा टोटो म्हणाल्या, पैसे नकोत, घरटी एक घमेलं शेंगा द्या. चेअरमनला पटेना, याचा हिशेब कोण ठेवणार? हिशेब गटाच्या वहीत, माल शाळेच्या कोठीत, विक्री शनिवारच्या बाजारात आणि पैसा तीन कुलुपांच्या पेटीत. अनघाला एकच काम दिलं: घमेली मोजून फळ्यावर लिहायची. अठ्ठेचाळीस घमेली झाली. दोन घरांनी दिली नाहीत. त्यांची नावंही फळ्यावर लिहायची का, यावर बराच वाद झाला आणि शेवटी लिहिली नाहीत.

मला तिने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, हे तर बलुतं झालं. खळ्यावर सुताराला-लोहाराला वाटा मोजून द्यायचा, आणि वर्षभर त्याने नांगर-पाभर दुरुस्त करायची. तिथल्या मेकॅनिकनेही तेच मान्य केलं: दर सुगीला ठरलेला वाटा, आणि बोलावलं की यायचं.

परिणाम

सतराव्या दिवशी वायसर बदलला. नवी समिती निवडली गेली: टोटो खजिनदार, सीनियर वुमन टीचर चिटणीस, आणि जुना अध्यक्ष तोच राहिला, कारण त्याला हटवणं म्हणजे त्याच्या भावकीशी वैर. दुसऱ्या हंगामाची वर्गणीही डिसेंबरच्या आरंभी आली, पण घमेली एकतीसच. म्हणजे गाडी रुळावर आली असं म्हणता येत नाही. साखळीला ग्रीस लागतं आहे. 'मॅडमचा हापसा' हे नाव मात्र मुलांच्या तोंडून गेलं नाही.

सातवीच्या परीक्षेचं म्हणाल तर निकाल आधीच्या वर्षाहून बरा लागला. त्याचं श्रेय पाण्याला द्यायचं की अनघाच्या संध्याकाळच्या तासांना, यात मी पडत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अनघाची आणि माझी उत्तरं सारखी नाहीत.

तिच्या मते चूक पैशांची नव्हती, जाहीर करण्याची होती. ती आधी टोटोंकडे गेली असती, एकटी, आणि 'तुमचं काय ठरलंय' एवढंच विचारलं असतं, तर बाकीचं आपोआप सुटलं असतं. रिकाम्या आंब्याखाली उभं राहिल्यावर 'काही ठरलं नसेल' असं मनाशी धरण्याऐवजी बैठकीची वेळ दुसऱ्या कुणाकडून पडताळायची होती. चार वाजताच्या त्या घोटाळ्यावर ती हसते, पण फार वेळ नाही.

मला वाटतं, चूक माझ्या घाईची होती. मी पैसे द्यायला नको होते असं मात्र मी म्हणणार नाही. वायसर, ग्रीस, मजुरी ही गावाच्या आवाक्यातली कामं. न गंजणारा पाइप आवाक्याबाहेरचा. स्टेनलेस स्टीलचे किंवा पीव्हीसीचे पाइप टाकायचे तर साधन वेगळं, खर्च जास्त, आणि ते बसवायचं शिक्षणही मेकॅनिकला हवं. बाहेरचा पैसा तिथे लागायला हवा होता. आम्ही तो अशा ठिकाणी घातला जिथे गाव स्वतः चार पावलं चालून आलं होतं, आणि जो पाइप गंजून मोडला तसाच पुन्हा विकत घेतला. पहाटेचा एक कॅन आणि तासाभरानंतरचा एक कॅन शेजारी ठेवून बघायला ना पैसा लागत होता ना परवानगी.

जायच्या आधी अनघाने टोटोंना शिल्लक रकमेचं खरं काय ते सांगितलं. टोटो हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी समितीपुढे विषय ठेवला आणि निरोप असा आला: आत्ता पाठवू नका. पेटीत एका चांगल्या पाइपाचे पैसे जमले की आम्ही कळवू, मग तुम्ही एकाचे घाला.

फेब्रुवारीत सीनियर वुमन टीचरनी अनघाला एक फोटो पाठवला, तिने मला. ओट्यावर चहाचे दोन कप ठेवलेले. डावीकडचा पहाटेच्या पहिल्या कॅनचा, उजवीकडचा तासाभरानंतरच्या कॅनचा. डावा एक छटा काळा आहे. खाली लिहिलं होतं, एका पाइपाला अजून बारा घमेली कमी.

साडेसात हजार माझ्याच खात्यात आहेत.